केसपेपरवरचं चालणं

‘जरा चालत जा, वजन उतरवा’ हे आम्हा डॉक्टरांच्या तोंडचं सगळ्यांत स्वस्त वाक्य. म्हणायला काही लागत नाही, ऐकणाऱ्याला त्यात नवीन काही वाटत नाही, आणि दोघांनाही कर्तव्य पार पाडल्याचं समाधान मिळतं. पेशंट मान डोलावतो, पुढचा नंबर आत येतो. तीन महिन्यांनी तोच पेशंट तेवढीच शुगर घेऊन परत समोर बसतो.

माझा दवाखाना वाशी आणि कोपरखैरण्याच्या हद्दीवर आहे. जनरल प्रॅक्टिस. ताप, खोकला, लहान मुलांच्या लसी, आणि संध्याकाळी प्रामुख्यानं बीपी-शुगर. नवी मुंबईतली ही जागा मोठी गमतीची आहे. बाहेरच्या बाकावर गावठाणातले आगरी काका, एपीएमसी मार्केटातून निवृत्त झालेला माथाडी, ऐरोलीच्या आयटी पार्कात रात्रपाळी करणारा मुलगा आणि सिडकोच्या जुन्या बिल्डिंगीतल्या काकू शेजारी शेजारी बसलेले असतात. आयुष्यं एकमेकांपासून फार लांबची, रिपोर्ट मात्र भावंडांसारखे. एचबीएवनसी वर, ट्रायग्लिसराइड वर, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर. आणि चालणं चांगलं असतं हे चौघांनाही पाठ आहे.

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत आपला महाराष्ट्रही होता. तीत अर्ध्याहून अधिक माणसं, नेमकं सांगायचं तर ५४.४ टक्के, पुरेशी हालचाल न करणारी निघाली. फावल्या वेळात खेळ किंवा व्यायाम करणारे दहा टक्केही नव्हते. असे आकडे वाचले की शहरातल्या लोकांना आळशी म्हणायचा मोह होतो. मला तो होत नाही, कारण मी त्यांना पहिला प्रश्न विचारतो तो शुगरचा नसतो. ‘पूर्वी काय काम करायचात?’ असं विचारतो.

कोपरखैरणे गावातले काका या प्रश्नावर खुलले. बापाबरोबर मिठागरात फावडं ओढलं, खाजण शेतीत भात लावला, भरती चुकवून बांध घातले. १९७० च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. पुढे जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. काकांच्या वाट्याच्या भूखंडावर आज चार मजली इमारत उभी आहे. तळमजल्यावर खुर्ची टाकून ते बसतात, भाडेकरू येऊन भाडं देतात. पोटऱ्या अजून दगडासारख्या आहेत, पोट मात्र वेगळंच सांगतं. ‘शेतच नाय राह्यलं डॉक्टर, तं फिरू कुठं?’ असं त्यांनी विचारलं, आणि त्यात तक्रारीचा सूर नव्हता. खरोखरच विचारत होते.

काकांना बूट घालून बागेत गोल गोल फिरायला सांगणं म्हणजे त्यांचा अपमान होता. ज्या माणसानं जन्मभर कामासाठी पाय उचलले त्याला बिनकामाचं फिरणं ही चैन वाटते, शिवाय चार लोकांनी पाहिलं तर लाजही. मी ‘व्यायाम’ हा शब्दच काढला नाही. खाडीवर जेट्टीकडे त्यांचे जुने सोबती जाळी विणत बसतात, हे बोलता बोलता कळलं होतं. ‘रोज तिकडे जाऊन या. गाडी घ्यायची नाही. येताना मासळी आणा.’ केसपेपरवर गोळ्यांच्या वर पहिल्या ओळीत लिहिलं : जेट्टी, जाऊन-येऊन, पायी. काका वाचून हसले. पण गेले. सून सांगते की आता मासळी रोज येते आणि फ्रीजमध्ये जागा उरत नाही.

माथाडी पेशंटची गोष्ट वेगळी. मुंबईतले घाऊक बाजार ऐंशी-नव्वदच्या दशकांत तुर्भ्याला आले, आणि त्यांच्यामागे सातारा, सांगली, पुण्याकडून आलेली ही कष्टकरी माणसंही. १९६९ च्या माथाडी कायद्यानं आणि अण्णासाहेब पाटलांच्या संघटनेनं त्यांना फंड, ग्रॅच्युइटी मिळवून दिली, कोपरखैरणे-घणसोलीत घरं झाली. शंभर-शंभर किलोची पोती पाठीवर घेतलेली माणसं. त्यांचं म्हणणं साधं असतं : ‘आमचा चालायचा कोटा कवाच संपला.’ आता हा युक्तिवाद खोडायला अवघड आहे. ओझं वाहण्याचे कष्ट आणि स्वतःच्या गतीनं केलेली हालचाल यांचा हृदयावर होणारा परिणाम सारखा नसतो, असं अलीकडचं संशोधन सुचवतं. पोत्याखाली श्वास रोखला जातो, रक्तदाब चढतो, विश्रांती मुकादमाच्या मर्जीवर. पण हे सांगून काही उपयोग नाही. उपयोग होतो तो एका साध्या चाचणीचा. ‘हाताचा आधार न घेता या खुर्चीवरून उठा बरं.’ ज्यानं ट्रक रिकामे केले त्याला खुर्चीवरून उठताना टेबल धरावं लागतं, तेव्हा त्याचाच चेहरा बदलतो. मांडीचे स्नायू बसून राहिलं की फार लवकर झिजतात, आणि सत्तरीतली पडझड, खुब्याचं हाड मोडणं, तिथून सुरू होतं. त्यांना मी चालणं नंतर देतो. आधी खुर्चीवरून उठ-बस. सकाळी दात घासून झाल्यावर आणि रात्री बातम्या चालू असताना. कोपरखैरण्याच्या बैठ्या घरांवर चढवलेल्या मजल्यांचे लोखंडी जिने फार उभे असतात. गुडघे गेलेल्यांना ते जिने मी व्यायाम म्हणून कधीच सांगत नाही.

‘घरात दिवसभर पायावरच असते की मी!’ हे वाक्य मी इतक्या बायकांकडून ऐकलं आहे की आता त्यांच्याआधी मीच म्हणून टाकतो. त्यात खोटं काही नाही. पण सहा-आठ फुटांच्या ओट्यापुढे उभं राहून पाय सुजतात, दम वाढत नाही. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अंदाजानुसार भारतात पुरेशी हालचाल न करणाऱ्या प्रौढांचं प्रमाण जवळपास निम्मं आहे, त्यात बायकांचं ५७ टक्के आणि पुरुषांचं ४२. या फरकाचं कारण मला विचाराल तर ते शरीरात सापडणार नाही. सकाळी डबे, मग पाणी, मग मुलांची शाळा, संध्याकाळी पाहुणे. दिवसातला कुठलाच तुकडा तिच्या एकटीच्या मालकीचा नाही. त्यात ‘हिला बरं सुचतं फिरायला’ हे घरातलं वाक्य, आणि रस्त्यावर कुत्री.

एका काकूंनी मला यातली मेख दाखवली. औषधं तीच राहू द्या म्हटल्यावर त्या म्हणाल्या, ‘ते चालायचं तेवढं कागदावर लिहून द्या ना. तारखेसकट.’ मी विचारलं कशाला. ‘सासूबाईंना दाखवायला.’ त्या दिवशी मला माझ्या अक्षराची किंमत कळली. माहिती तर व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळपासून येऊन पडलेली असते. दवाखान्यातून त्यांना हवी होती ती परवानगी. डॉक्टरांनी लिहून दिलंय म्हटलं की सात ते साडेसात ओटा दुसरं कोणीतरी सांभाळतं. न्यूझीलंडमध्ये १९९८ पासून हेच सरकारी पातळीवर चालू आहे. तिथले फॅमिली डॉक्टर ‘ग्रीन प्रिस्क्रिप्शन’ लिहून देतात आणि त्यावर गोळ्यांच्या जागी हालचाल असते. तिकडे मागे सल्लागार फोन करून विचारपूस करतात. आमच्याकडे तेवढा बडेजाव नाही, पण त्याच सोसायटीतल्या दुसऱ्या पेशंटबाईंना मी तीच वेळ लिहून देतो. दोघी झाल्या की कुत्र्यांची भीती कमी होते आणि पावसाळ्यात पार्किंगमध्ये फेऱ्या मारायची लाजही वाटत नाही.

लिहून द्यायचं तर काय लिहायचं? ‘रोज चाला’ एवढं लिहिणं म्हणजे ‘रोज गोळी घ्या’ लिहिण्यासारखं. कुठली, किती, जेवणाआधी की नंतर, याचा पत्ताच नाही. मी जागा, वेळ आणि मिनिटं लिहितो. सुरुवात दहा मिनिटांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांना आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम हालचाल हवी आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. हे मी पहिल्या भेटीत सांगत नाही. पन्नाशीच्या, दम लागणाऱ्या माणसाला दीडशे हा आकडा पंढरपूरइतका लांब वाटतो. मध्यम म्हणजे किती हे मात्र सांगतो : शेजारच्याशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. दहा हजार पावलांचं खूळ कुणी घेऊन आलं तर त्याला सांगतो की तो आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, त्याच्या नावातच दहा हजार होते. दोन हजारांवरून चार हजारांवर आलेला माणूस नापास झालेला नसतो.

ऐरोलीच्या मुलाला मात्र जागाही नव्हती आणि वेळही. अमेरिकेच्या घड्याळावर नोकरी. संध्याकाळी कंपनीची कॅब दारात येते, पहाटे दारात सोडते. दिवसा झोप. घरापासून खुर्चीपर्यंत आणि खुर्चीपासून घरापर्यंत मिळून त्याची पावलं किती होत असतील हे मोजायचीही गरज नव्हती. ‘जिम लाव’ म्हणणं सोपं होतं. त्यानं एकदा वर्षाचे पैसे भरून लावलीही होती. मी विचारलं जेवतोस किती वाजता. रात्री एकला. मला तेव्हा त्याची आजी आठवली, कारण ती माझीच पेशंट होती आणि जेवणानंतर शतपावली घातल्याशिवाय पाठ टेकत नसे. जेवणानंतर थोडं चाललं की जेवणानंतरची साखर कमी चढते, हे आता वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. लिहून दिलं : रात्री दीड, ऑफिसचा मजला, पंधरा मिनिटं, फोनवरची मीटिंग उभ्यानं. पुढच्या वेळी आला तो हसतच. सुरुवातीला सिक्युरिटीवाला विचारायचा, ‘साहेब, काही हरवलंय का?’ आता टीममधले तिघे बरोबर फिरतात.

बारीक माणसं सगळ्यांत जड जातात. ‘मला कशाला, मी तर सडपातळ!’ अशांसाठी माझ्या टेबलाच्या काचेखाली एक फोटो आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. २००४ साली तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी एक, २२.३. पण युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. आपल्याकडच्या ‘बारीक पण चरबीदार’ शरीराचं याहून नेटकं चित्र मी पाहिलेलं नाही, आणि स्वतःचंच शरीर पुराव्याला देणाऱ्या डॉक्टरबद्दल मला आदर आहे. फोटो पाहून पेशंट आपोआप पोटावर हात ठेवतो. मग टेप काढायची. पुरुषाची कंबर नव्वद सेंटिमीटरच्या वर, बाईची ऐंशीच्या वर गेली की वजनकाट्याचं ऐकायचं नाही.

वजनाबद्दल मी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगून टाकतो. नुसत्या चालण्यानं वजन फारसं उतरत नाही. शुगर उतरते, बीपी थोडं उतरतं, झोप सुधारते, गुडघ्याभोवतीचे स्नायू बळकट होऊन दुखणंही कमी होतं. काटा हलत नाही म्हणून महिन्याभरात चालणं सोडणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

बेस्टमधून निवृत्त झालेल्या एका कंडक्टरांशी माझं फार जमतं. त्यांची अर्धी नोकरी डबलडेकरवर गेली. १९३७ साली मुंबईत आलेली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये शेवटची फेरी झालेली ती जुनी डिझेल डबलडेकर. त्यांना मी जेरी मॉरिस यांची गोष्ट सांगितली. १९५३ साली या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या डबलडेकरवरच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना केली. बस एक, रस्ता एक. पण दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त, आणि दिवसाला पाचशेच्या वर पायऱ्या चढणाऱ्या कंडक्टरांना कमी. हालचाल आणि हृदय यांचा संबंध आकड्यांनी दाखवणारं आधुनिक काळातलं हे पहिलं मोठं काम. स्वतः मॉरिस नव्व्याण्णव वर्षं जगले. कंडक्टरसाहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘पण माझा ड्रायव्हर अजून ठणठणीत आहे. रोज शिवाजी पार्काला फेऱ्या मारतो. मीच बसलोय.’ यापुढे मला सल्ला द्यायचं काही उरलं नव्हतं.

ते राहतात ती सिडकोची बिल्डिंग चार मजल्यांची, बिनलिफ्टची. रोजचे जिने हाच त्यांचा उरलेला व्यायाम. आता तिथे पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. टॉवर होईल, लिफ्ट येईल, आणि गुडघेदुखीच्या म्हाताऱ्यांची सुटका होईल हे खरंच. पण चाळिशीतल्या माणसाच्या दिवसातून शेवटच्या ऐंशी पायऱ्याही जातील. या शहराची आखणी करताना शाळा, बाजार, बाग सेक्टरातच पायी जाण्याच्या अंतरावर असावी असा विचार होता. अंतरं अजून तेवढीच आहेत. फुटपाथवर मात्र कुठे गाड्या, कुठे स्टॉल, कुठे उखडलेले पेव्हर ब्लॉक, आणि चार मिनिटांच्या भाजीला लोक स्कूटर काढतात. तरी इतर शहरांच्या मानानं आपलं नशीब बरं म्हणायचं. नेरूळचा ज्वेल ऑफ नवी मुंबई, वाशीचा सागर विहार, कोपरखैरण्याचं निसर्ग उद्यान, खारघरचं सेंट्रल पार्क, पायाखाली सपाट वाट देणाऱ्या जागा इथे आहेत. हिवाळ्यात खाडीवर फ्लेमिंगो उतरतात तेव्हा ज्यांना चालायचा कंटाळा त्यांना मी पक्षी बघायला पाठवतो.

हिवाळ्यात एक गोष्ट मात्र बजावतो. पहाटेची हवा शुद्ध ही गावाकडची समजूत इथे चालत नाही. थंडीत धूर आणि धूळ जमिनीलगत अडकून राहते, औद्योगिक पट्ट्याकडून कधी कधी उग्र वासही येतो. दम्याच्या पेशंटनं ऊन पडल्यावर निघावं. मे महिन्यात उलट, आठच्या आत घरी. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी, आणि मधुमेहींनी चपला घालून लांब चालू नये. पायाला लागलेलं त्यांना अनेकदा कळत नाही.

हे सगळं करायला वेळ लागतो आणि त्याचे पैसे मिळत नाहीत, हे आमच्या व्यवसायातलं उघडं दुखणं. बाहेर बाकावर दहा जण ताटकळत असताना एकाच्या दिवसाचं वेळापत्रक लावत बसणं परवडत नाही. शिवाय गोळी न देता फक्त चालणं लिहिलं तर काही पेशंट पुढच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. ‘औषधच दिलं नाही त्यांनी!’ त्यांना मी चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या अभ्यासाबद्दल सांगतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या भारतीयांवर झालेला, २००६ साली प्रसिद्ध झालेला. आहार आणि हालचाल बदललेल्यांमध्ये मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये २६.४ टक्क्यांनी. म्हणजे कागदावरची ती ओळ गोळीच्या तोडीची आहे. निदान माझी फी तरी त्यावर वसूल झाली असं समजा, असं म्हणतो. पटतंच असं नाही.

लिहून दिलेलं सगळे करतात असंही नाही. पावसाळ्यात बंद पडलेलं चालणं दिवाळीपर्यंत सुरू होत नाही, लग्नसराईत पुन्हा बंद पडतं. पण पुढच्या भेटीत औषधांच्या आधी त्याच ओळीवर बोट ठेवून विचारलं की फरक पडतो. डॉक्टर विचारणार हे माहीत असलेला माणूस आदल्या आठवड्यात तरी चालतो. त्यातून काहींना सवय लागते. तेवढ्यावर मी समाधानी आहे, आणि हल्ली दोन पेशंटच्या मध्ये स्वतःही खुर्चीवरून उठतो, कारण दवाखान्यात सगळ्यांत जास्त बसणारा माणूस मीच.

तुम्ही पुढच्या वेळी आपल्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा रिपोर्टची फाइल उघडण्याआधी दिवसात किती तास बसता आणि दोन जिने चढल्यावर काय होतं, ते सांगा. चालायला सांगितलं तर कुठे, केव्हा, किती, हे कागदावर लिहून मागा. संकोच करू नका, आम्हालाही आठवण करून द्यावी लागते. आणि चालताना छातीत दाटून येत असेल, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे कळ जात असेल, तर त्या दिवशी चालायचं नाही. थेट हॉस्पिटल गाठायचं, कार्डिओग्राम काढायचा, आणि एकट्यानं जायचं नाही.